रविवारचा साचा

अहो, आपल्या खोलीतला पंखा काल मी बंद केला. भर थंडीतही तो फिरत असायचा आणि मी दुलई कानांपर्यंत ओढून तुमच्याशी भांडायचे. "हवा खेळती राहते," तुम्ही म्हणायचात. काल तेराव्याची माणसं गेली, भांडी जागच्या जागी लागली, मग मी बटण दाबलं आणि पाती थांबेपर्यंत उभी राहिले. घरात इतकी शांतता झाली की तुम्ही तिच्यात क्षणभरही बसू शकला नसतात. मी बसले. आणि ठरवलं की आता बोलायचं. मध्ये थांबवणारं कुणी नाही.

हे लिहून मी अनघाला आणि निखिलला पाठवणार आहे. त्यांना तुम्ही फोनवर ओरडणारे आजोबा म्हणून ठाऊक आहात. "अभ्यास करता ना? करा," एवढं ओरडून तुम्ही रिसीव्हर माझ्या हातात द्यायचात. निखिलनं मला एकदा विचारलं, आजोबा रागावलेत का? मी म्हटलं, नाही रे, त्यांना ऐकू येत नाही. का येत नाही ते सांगितलं नाही. तुम्ही समोर बसला होतात, माझ्या ओठांकडे बघत.

आता सांगते. मुलांना समजेल असं, पहिल्यापासून.

लग्न झालं त्या वर्षी तुम्ही मला एकदा गिरणीत नेलंत, तुमचं साचेखातं दाखवायला. साचा म्हणजे कापड विणायचा माग. मी गिरगावातली, कारकुनाची मुलगी, बी.ए. होऊन शाळेत इंग्रजी शिकवायला लागलेली. गिरणी मला ठाऊक होती ती बाहेरून, भोंग्यापुरती. आत पाऊल टाकलं तेव्हा आवाज कानांत आला असं वाटलंच नाही. तो छातीत आला, दातांत आला. सूत वाहून नेणारे लाकडी धोटे या टोकाहून त्या टोकाला आपटत होते आणि पायाखालची फरशी थरथरत होती. मी कान गच्च दाबून धरले. मग माझ्या लक्षात आलं की त्या गदारोळात माणसं निवांत गप्पा मारतायत. आवाज न काढता. नुसते ओठ हलवून, भुवया उडवून, चार-चार साचे लांब उभं राहून. थट्टा चालली होती, कुणी हसत होतं, कुणी कुणाला दटावत होतं. ऐकू मात्र काहीच येत नव्हतं.

एक शिडशिडीत माणूस माझ्याकडे बघून काहीतरी बोलला आणि तुम्ही हसलात. तो भिकाजी. बाहेर आल्यावर मी विचारलं, काय म्हणाला हो तो?

"म्हणाला, साहेब, बाईंना इथेच नोकरीला लावा. तुमच्या घरात भांडण म्हणून होणार नाही."

तुम्ही डिप्लोमा घेतलेले, खात्याचे असिस्टंट. तो मालवणकडचा साचेवाला. पण तुमचं एकमेकांवाचून चालायचं नाही. तुमचा कान सगळ्या गिरणीत नावाजलेला होता. रांगेच्या टोकाला नुसते उभे राहून तुम्ही सांगायचात की मधला तो साचा बिघडायच्या बेतात आहे, आणि तो बिघडायचा. "साहेबांचा कान म्हणजे देवाचा कौल," भिकाजी म्हणायचा. तुम्ही वरवर नको नको म्हणायचात आणि घरी येऊन मला सांगायचात.

त्या कानांचं काय होतंय हे मला पहिल्यांदा भिकाजीनंच सांगितलं. एका रविवारी आपल्याकडे चहाला आला होता. बोलता बोलता त्यानं कानात करंगळी घालून हलवली. मी विचारलं, कान दुखतो का?

"दुखत नाय बाई, वाजतो. सहा दिवस मालकाचा साचा चालतो, रविवारी आपला. गिरणी बंद झाली तरी हा डोक्यात खडखडत राहतो. आम्ही रविवारचा साचा म्हणतो त्याला. साहेबांना विचारा, त्यांचाही असेल."

मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही बिस्कीट चहात बुडवत होतात. "मला नाही तसलं काही," तुम्ही म्हणालात.

भिकाजीची बायको पार्वती. लालबागच्या त्यांच्या एका खोलीत सासू, दीर, मुलं, गावाहून आलेला कुणी ना कुणी, अशी सगळी असायची. नवरा-बायकोला एक शब्द खाजगी बोलायची सोय नाही. म्हणून भिकाजीनं तिला साचेखात्यातलं ते बिनआवाजाचं बोलणं शिकवलं. भरल्या खोलीत, सासूच्या देखत, ती दोघं ओठ हलवून संसार करत होती. मला ते कळलं तेव्हा नवल वाटलं आणि थोडा हेवाही वाटला. तुम्ही म्हणालात, तुलाही शिकवतो. मी म्हटलं, मला नको. देवानं आवाज दिलाय तो वापरायला दिलाय. मी शाळामास्तरीण होते. माझं मत अजूनही तेच आहे.

मग ते दिवस आले. निखिल, अनघा, तुम्ही आज ज्याला महाराष्ट्र म्हणता तो तेव्हा नव्हता. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झाला पाहिजे म्हणून सगळं गिरणगाव पेटलं होतं. सभा, मोर्चे, हरताळ. तुमचे आजोबा साहेब असूनही हरताळाच्या बाजूचे होते. त्याबद्दल मला तेव्हा अभिमान होता आणि आजही आहे, हे लिहून ठेवते, कारण पुढे त्यांच्याबद्दल मी बरंच कडू लिहिणार आहे.

त्या हरताळाच्या आधी बातमी उठली होती की मालक बाहेरची माणसं मागच्या दारानं आत घेणार आणि साचे चालवणार. खरी की खोटी, कुणाला ठाऊक. दिवस उजाडला. भोंगा झाला नाही. ट्राम नाही, टांगा नाही, दुकानांच्या फळ्या लावलेल्या. परळला राहायला आल्यापासून अशी शांतता मी ऐकली नव्हती. गॅलरीत बसून मुलींचे निबंध तपासत होते. तुम्ही आत-बाहेर करत होतात.

"ऐकतेस?" तुम्ही म्हणालात.

"काय?"

"साचे चालू आहेत. आपल्या गिरणीचे."

मी पेन खाली ठेवलं आणि कान दिला. "मला खालच्या घरातली खवणी ऐकू येतेय," मी म्हटलं. "कुणीतरी नारळ खवतंय. साचे नाही ऐकू येत."

"खवणी कुठली?" तुम्ही विचारलंत.

तो प्रश्न मी आजवर विसरलेले नाही. एका मजल्याखालची खवणी तुम्हाला ऐकू येत नव्हती आणि दोन गल्ल्यांपलीकडचे साचे ऐकू येत होते.

"अहो, रविवारचा साचा असेल तो," मी म्हटलं.

"तो मला ओळखता येत नाही? तू इंग्रजी शिकव."

तेवढ्यात भिकाजी जिना चढून वर आला. तुम्ही त्याला दंडाला धरून कठड्याशी नेलंत. "ऐक रे जरा." त्यानं मान तिरकी केली. बराच वेळ तसाच उभा राहिला.

"येतंय साहेब," तो म्हणाला. "सकाळपासून येतंय. मी म्हटलं, माझाच रविवारचा असेल."

"तुझ्या आणि माझ्या डोक्यात एकाच वेळी एकच साचा वाजेल का रे?"

भिकाजीनं विचार केला. "तेही खरंच," तो म्हणाला.

झालं. दोघं एकमेकांचे साक्षीदार, आणि दोघंही त्याच खात्यात उभं राहून बहिरे झालेले. मी म्हणत राहिले की मला काही ऐकू येत नाही. तुम्ही दोघं चपला घालत होतात.

खाली गल्लीत तुम्ही एकेकाला विचारलंत. साचेखात्यातल्या प्रत्येकाला साचे ऐकू येत होते. का येणार नाहीत? साहेबांच्या कानानं कौल दिला होता. बायकांना आणि शाळकरी पोरांना काही ऐकू येत नव्हतं. पार्वती मुलाला काखेत घेऊन उभी होती. मी गॅलरीतून तिचा आवाज ऐकला, "माका काय आयकाक येना नाय." कुणीतरी तिला म्हणालं, "वहिनी, तुम्ही कधी साच्यावर उभ्या राहिलात?" आणि सगळे हसले. भिकाजीही हसला. मग घोषणा देत तुम्ही निघालात. गॅलरीतून मी तुमच्या पाठी पाहत होते. आपापल्या डोक्यातला साचा बंद पाडायला निघालेली माणसं.

पुढचं मी पाहिलं नाही. जे गेले होते त्यांच्याकडून तुकड्या-तुकड्यांनी कळलं. फाटक बंद होतं. पहाऱ्यावरचा भय्या आतून सांगत होता की अंदर कोई नहीं है साब, भगवान कसम कोई नहीं. तुम्ही म्हणत होतात, उघड. त्याला उघडायची परवानगी नव्हती. मागची माणसं चिडायला लागली, दगड सुटायला लागले. तेव्हा भिकाजी पुढे झाला आणि त्यानं फाटकाशेजारच्या भिंतीवर तळवा ठेवला. साचेवाल्यांची ती जुनी रीत. साचे चालू असले की खात्याची भिंत थरथरते; कानांवर भरवसा उरला नाही की हात लावून बघायचं. तळवा ठेवला, थोडा वेळ थांबला, आणि तुमच्याकडे तोंड वळवून ओठांनी काहीतरी बोलला. आवाजात बोलून उपयोग नव्हता, गलका फार होता. तुम्ही हातभर अंतरावर होतात. त्यानंतर त्याच्या कानशिलावर दगड बसला. मागून आलेला. म्हणजे आपल्यातल्याच कुणाचा तरी.

इस्पितळात तो एक रात्र होता. शुद्धीवर आला नाही.

गिरणी पुन्हा उघडली तेव्हा साच्यांवरचं कापड जिथे सोडलं होतं तिथेच होतं, बोटभरही पुढे गेलेलं नव्हतं. एक साचेवाला माझ्याशी हे बोलला आणि लगेच म्हणाला, बाई, साहेबांना सांगू नका मी बोललो ते. खात्यात सगळ्यांना कळलं होतं आणि सगळे गप्प होते. गप्प न राहून करणार काय? त्यांनाही साचे ऐकू आले होते.

भिकाजी गोळीनं गेला नाही, दगडानं गेला. म्हणून हुतात्म्यांत त्याचं नाव नाही. त्याच्यासाठी कुणी कुठे दिवा लावत नाही.

दिवसकार्य झाल्यावर पार्वती आपल्याकडे आली. बसली नाही. दारातूनच तुम्हाला म्हणाली, "साहेब, ते तुमच्याकडे वळले होते, असं सगळे सांगतात. काय बोलले?"

तुम्ही म्हणालात, "धूळ उडाली होती, वहिनी. दिसलं नाही."

आपलं भांडण तिथे सुरू झालं. ती गेल्यावर मी म्हटलं, रुईच्या धुरळ्यात चार साच्यांपलीकडच्या माणसाची थट्टा तुम्हाला वाचता येते. हातभरावरचा भिकाजी वाचता आला नाही? तुम्ही डोळे मिटलेत.

ते तुमचं हत्यार होतं. मुलांनो, हे नीट समजून घ्या. जो माणूस दुसऱ्याचे ओठ वाचून ऐकतो, त्यानं डोळे मिटले की समोरच्याचं बोलणं संपतं. मी कितीही मोठ्यानं बोलले तरी भिंतीशी बोलल्यासारखं. इतर बायकांचे नवरे चिडून घराबाहेर जायचे. माझा नवरा खुर्चीत बसून निघून जायचा.

महाराष्ट्र झाला त्या दिवशी गल्लीत रोषणाई, बँड, फटाके. तुम्ही मोठ्या ढोलाला अगदी चिकटून उभे होतात. लोक मला म्हणाले, बाई, साहेबांचा आनंद बघा. मी बघत होते. मला कळत होतं तुम्ही तिथे का उभे आहात. तेवढा वेळ तरी बाहेरचा आवाज आतल्यापेक्षा मोठा होता. पुढेही तेच. वरळीला समुद्र जिथे भिंतीवर फुटतो तिथेच तुम्हाला बसायचं असे, शिंतोडे उडाले तरी. "समुद्राची हवा बरी." पाण्याच्या पंपाजवळची खोली तुम्ही आपल्याला झोपायला घेतलीत. आणि पंखा, बाराही महिने पंखा.

दादरच्या कानाच्या डॉक्टरकडे मी तुम्हाला ओढत नेलं, तेव्हा तुम्ही निवृत्त झाला होतात. डॉक्टर तरुण होते, समंजस होते. कान अधू झालेत हे तुम्ही कबूल केलंत, म्हाताऱ्याचे होतातच. मग त्यांनी समोर बसून, सावकाश विचारलं, "आजोबा, कानांत आवाज येतो का? शीळ, भुणभुण, यंत्राची घरघर?"

"नाही."

"बहुतेकांना येतो. गिरणीत काम केलेल्यांना तर हमखास. आपण सांगितलंत तर थोडं हलकं करता येईल. कधीपासून येतो?"

"येतच नाही, तर कधीपासून काय?"

त्या एका प्रश्नाला तुम्ही जन्मभर भीत होतात. आवाज येतो म्हटलं की कधीपासून ते सांगावं लागलं असतं. आणि कधीपासून ते सांगितलं की त्या सकाळी तुम्ही काय ऐकलं ते सांगावं लागलं असतं. म्हणून तुम्ही तो साचा डोक्यात चालू ठेवलात. उपाय नाही, दिलासा नाही, कुणाशी एक शब्द नाही. रस्त्यात मी डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली, तर म्हणालात, "पोरगा आहे तो. त्याला काय कळतंय." भिकाजीच्या मरणाची शिक्षा तुम्ही स्वतःला दिलीत असं कुणी म्हणेल. मी म्हणणार नाही. शिक्षा एकट्यानं भोगायची असते. तुम्ही ती माझ्याबरोबर एका घरात भोगलीत.

सगळं कडूच होतं असंही नाही. माझ्या शाळेच्या प्रत्येक समारंभाला तुम्ही पहिल्या रांगेत येऊन बसायचात. एक अक्षर ऐकू यायचं नाही, पण माझं पूर्ण भाषण तुम्ही ओठांवरून वाचायचात आणि घरी येताना सांगायचात, आज तू घाईत होतीस, शेवटची वाक्यं गिळलीस. माझ्याकडे इतकं लक्ष देऊन आयुष्यात दुसऱ्या कुणी पाहिलं नाही. ते आठवलं की माझा राग मला नीट धरता येत नाही. म्हणून आणखी राग येतो.

दर भाऊबीजेला तुम्ही पार्वतीकडे जायचात. भिकाजी गेला त्या वर्षी तिनंच बोलावलं आणि पुढे ते कधी चुकलं नाही. मीही यायचे. ओवाळून झालं की तुम्ही दोघं समोरासमोर बसायचात आणि ते बिनआवाजाचं बोलायचात. तिची मुलं, तिच्या सुना आजूबाजूला वावरायच्या, मी लाडू हातात धरून बसायचे, आणि तुम्ही दोघं ओठ हलवून बोलत असायचात. मुलांच्या शाळा, गावचं घर, कुणाचं लग्न, असलंच काही. तिथून परतताना तुमचा चेहरा सैल झालेला असायचा. माझ्याशी बोलून तो तसा कधी झाला नाही. आणि दर वेळी, आपण निघताना, ती तोच प्रश्न विचारायची. तो मला ओठांवरून वाचता यायला लागला होता, तेवढा एकच. काय बोलले? तुम्ही मान हलवायचात. दिसलं नाही.

या वेळी तुम्हाला इस्पितळात ठेवलं तेव्हा तिला मी निरोप धाडला. नातवाच्या खांद्यावर हात ठेवून ती आली. आता पाठीत वाकलीय. खाटेशी स्टूल ओढून तिनं चेहरा तुमच्या चेहऱ्यासमोर आणला. मी खाटेच्या दुसऱ्या बाजूला उभी होते. तुमचा आवाज गेलेला नव्हता. सकाळीच तुम्ही मला पाणी मागितलं होतं, चांगलं खणखणीत. पण तिच्याशी तुम्ही आवाज काढला नाहीत. ओठ हलवलेत. थांबलात. पुन्हा हलवलेत. तिचा हात स्टुलाच्या कडेवर होता, तो तिनं घट्ट आवळला. मग ती तुम्हाला काहीतरी म्हणाली. तसंच, आवाज न काढता.

मी विचारलं, "काय म्हणाले?"

पार्वती माझ्याकडे वळली. रडत नव्हती. "आमचे काय बोलले होते ते सांगितल्यानी," ती म्हणाली. "साहेब, भिंत थंड आसा. साचे बंद आसत."

म्हणजे तुम्ही वाचलं होतं. त्या क्षणी, दगड बसायच्या आधी, तुम्हाला कळलं होतं. मागे वळून माणसांना थांबा म्हणायला एका श्वासाचा अवधी होता की नव्हता, ते तुम्हालाच ठाऊक. चाळीस वर्षं मी हेच विचारत होते.

"आणि तुम्ही त्यांना काय सांगितलंत?" मी पार्वतीला विचारलं.

"मी? मी म्हटलंय, माका तेव्हाच म्हायत होता. आता बाईंका सांगा. मोठ्यान सांगा."

मी तुमच्यावर वाकले. सावकाश, एकेक अक्षर सुटं करून, वर्गात बोलावं तसं म्हटलं, "मलाही सांगा." तुम्ही माझ्या ओठांकडे पाहिलंत. पुरतं वाचलंत, एवढी वर्षं मी तुम्हाला वाचताना पाहिलंय, मला कळतं. आणि तुम्ही डोळे मिटलेत.

ते पुन्हा उघडले नाहीत. दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. नर्स न बघताच, सवयीनं, हळूच म्हणाली, आजी, त्यांचे डोळे मिटायचे असले तर आत्ताच मिटा. मेलेल्या माणसाचे डोळे त्याच्या माणसांनी मिटायचे असतात. मी जवळ गेले. ते काम तुम्ही माझ्यासाठी ठेवलंच नव्हतं.